परभणीच्या उन्हात मान आणि हात भाजलेत. कोरफड लावू, चंदन की लिंबू?

कोरफड लावा, पण पान मोडल्या मोडल्या नको. कापलेलं पान 10-15 मिनिटं उभं धरून पिवळा चीक गळू द्या. त्यातल्या अ‍ॅलोइनने खाज सुटू शकते. मग धुऊन फक्त आतला पारदर्शक गर लावा. त्याआधी माठातलं पाणी ओता, बर्फ नको. गर बहुतांशी पाणीच, म्हणून आग शमते. कातडी लवकर भरून येईलच असं नाही. चंदनाचा लेप वाळला की ताणतो, मला तो पटत नाही. लिंबू तर अजिबात नको, रस लागलेल्या अंगाने पुन्हा उन्हात गेलात तर फोड येतात. आधीच मोठे फोड, ताप किंवा मळमळ असेल तर घरचं काही न लावता थेट दवाखाना गाठा.