खिशातल्या यंत्राला नेमकं काय विचारायचं?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक गोष्ट नवी दिसली. पूर्वी वाचक विचारायचे, "भेसळ कशी ओळखू?" आता विचारतात, "हे यंत्र मागवलंय, त्यावर असा आकडा आलाय, पुढे काय?" निवडक पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : गोठ्यावरून गाईचं दूध येतं. लॅक्टोमीटर रोज २९ दाखवतो, पण साय पूर्वीसारखी धरत नाही. यंत्र बिघडलंय का? (गृहिणी, कोथरूड)

काकू, यंत्र बहुधा ठीक आहे. लॅक्टोमीटर फक्त दुधाची घनता सांगतो. गाईच्या दुधाची डिग्री साधारण २८ ते ३०, म्हशीच्या दुधाची ३० ते ३२. हा आकडा किती सहज फसवता येतो ते मी प्रशिक्षणवर्गात दाखवत असे. २९ डिग्रीच्या लिटरभर दुधात १०० मिली पाणी घातलं की काटा साडेसव्वीसच्या आसपास उतरतो. मग दोन छोटे चमचे साखर विरघळवायची. लॅक्टोमीटर हळूहळू वर येतो आणि परत २९ वर उभा राहतो. समोरची मुलं गप्प व्हायची.

तुमच्या पत्रात मला महत्त्वाची वाटली ती साय. स्निग्धांश हलका असतो, त्यामुळे साय काढून घेतली की उरलेल्या दुधाची डिग्री वाढते. त्यात बेताचं पाणी घातलं की ती पुन्हा जागेवर. डिग्री वाढवायला साखर नको, युरिया नको. म्हणूनच संकलन केंद्रावर नुसत्या डिग्रीवर पैसे देत नाहीत, फॅटही लावतात, म्हणजे स्निग्धांश मोजतात. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) धरून बोलला जातो तो यासाठीच. ओळखीच्या डेअरीत बाटलीभर दूध नेऊन फॅट लावून मागा. मिल्क अॅनालायझरवर मिनिट-दोन मिनिटांचं काम असतं. मात्र फॅट कमी लागली म्हणून लगेच गवळीदादांवर आळ घेऊ नका. चारा बदलला, गाय नुकती व्यायली, तरी फॅट खालीवर होते. आठवडाभराची रीडिंग लिहून ठेवा, मग बोला.

आणखी दोन गोष्टी. धारोष्ण दुधात लॅक्टोमीटर सोडू नका. त्यावर लिहिलेल्या तापमानाला दूध येऊ द्या, नाहीतर डिग्री उगाच कमी दिसते. आणि युरिया तपासायची पट्टी वापरणार असाल तर हलक्या पिवळ्या रंगाला घाबरू नका. युरिया दुधात निसर्गतःच असतो, कायद्याची मर्यादा ७०० पीपीएमची (दशलक्ष भागांत ७००) आहे. खात्रीच्या दुधाचा थेंब शेजारी ठेवून रंग ताडून पाहा.

प्रश्न : व्हिडिओत पाहून हळदीवर अॅसिड टाकलं. लालसर गुलाबी रंग आला. सगळी हळद फेकून दिली. बरोबर केलं ना? (सदाशिव पेठ)

ताई, बहुतेक चांगली हळद गेली. हळदीतलं कर्क्युमिनसुद्धा तीव्र आम्लात लालसर होतं. व्हिडिओवाले पुढची पायरी गाळतात : त्यात पाणी घालायचं. रंग विरून गेला तर तो हळदीचाच. गडद गुलाबी टिकून राहिला तर मेटॅनिल यलो या रंगाचा संशय घ्यायचा. बाथरूमचं अॅसिड घेऊन स्वयंपाकघरात हा प्रयोग मात्र पुन्हा करू नका. भेसळीपेक्षा डोळ्यांत उडालेला थेंब महाग पडेल.

मला जास्त काळजी वाटते ती लेड क्रोमेटची. हे शिशाचं पिवळंधमक रंगद्रव्य. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिसं किती आहे ते घरच्या नळीत कळत नाही. त्यासाठी एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र असतं. लक्ष्मी रस्त्यावर सराफ तुमच्या बांगडीचे कॅरेट ज्या यंत्रात बघतात, त्याचं तत्त्व हेच. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं आणि त्यावरून ते ओळखू येतं. (सराफाकडे हळद घेऊन जाऊ नका. त्यांचं यंत्र सोन्यासाठी जुळवलेलं असतं.) बांगलादेशात २०१९ साली हीच यंत्रं घेऊन अधिकारी थेट बाजारात उतरले, जागच्या जागी दंड झाले. बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडण्याचं प्रमाण तेव्हा ४७ टक्के होतं, २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. छोट्या यंत्रानं एवढं मोठं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

हळकुंडं आणून दळली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. बांगलादेशात हळकुंडांनाच हा शिशाचा रंग चोळून चकाकी आणत होते. पॉलिश न केलेली, मळकट दिसणारी हळकुंडं घ्या.

प्रश्न : घरी टीडीएस पेन आहे. दूध, भाजीची फवारणी त्यावर तपासता येईल का? (वाघोली)

नाही. ते पेन पाण्याची वीजवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. दुधात क्षार असतातच. भाजीवरच्या कीटकनाशकाचा अंश त्याला दिसत नाही. 'नायट्रेट मीटर' म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रंही वाहकताच मोजतात.

टँकरच्या पाण्याला ते लावत असाल तर तिथेही सावध राहा. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता. जंतू टीडीएसमध्ये येत नाहीत. सोसायटीसाठी क्लोरीन तपासायचा किट घ्या. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसला पाहिजे.

प्रश्न : माझं वडे-भज्यांचं दुकान आहे. तेल तपासायचं मीटर घ्यावं का? (बिबवेवाडी)

दादा, जरूर घ्या. तळून तळून तेलात जे ध्रुवीय घटक साठतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रंग आणि वास यांवर विसंबून अनुभवी आचारीही चुकतात. मीटर गरम तेलात बुडवायचं. आधी घाणा काढून घ्या, बुडबुडे थांबू द्या, तेल ढवळा, टोक कढईला टेकू देऊ नका. पाण्याचा अंश राहिला तर आकडा भलताच येतो. नव्या डब्याचं रीडिंग आधी घेऊन लिहून ठेवा. पामतेलाची सुरुवातच शेंगदाणा तेलापेक्षा वरून होऊ शकते. शेंगदाणा तेलात पामतेल मिसळलंय का, हे मात्र या मीटरला विचारू नका.

प्रश्न : मार्केट यार्डाजवळ एकानं स्कॅनर लावून 'अस्सल रत्नागिरी' म्हणून पेटी दिली. असं कळतं का? (धनकवडी)

ते स्कॅनर निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे असतात. आंब्यातलं पाणी, साखर, शुष्कांश यांचा अंदाज ते चांगला देतात. फळ न कापता गोडी कळते, ही खरोखर मोठी सोय आहे. गाव कळण्यासाठी मात्र त्या यंत्राला त्या-त्या भागातले ढीगभर आंबे, तेही दर हंगामात, दाखवून शिकवावं लागतं. रस्त्यावरच्या स्कॅनरला कोणी शिकवलं, हे विक्रेत्याला विचारा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे नोंदणीकृत बागायतदाराचं नाव पेटीवर आहे का ते बघा.

प्रश्न : घरच्या किटवर पनीरमध्ये स्टार्च निघाला. दुकानदारावर केस होईल? (औंध)

किटच्या निकालावर नाही. पण २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच : खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं. नमुना नियमात बसला नाही तर फी परत मिळते आणि अहवालाची मुदत १४ दिवसांची आहे. घरात उघडलेलं पाकीट चालणार नाही. त्याच दुकानातून नवीन, सीलबंद पाकीट घ्या, पावती मागा आणि न्यायला बर्फाचा डबा सोबत ठेवा.