सोलापूरच्या उन्हाळ्यात नवशिक्याने कोणते कोरल ठेवावेत?

घरी पहिला समुद्री टँक लावताय, कोणते कोरल (प्रवाळ) घ्यावेत आणि इथल्या उन्हाळ्यात ते टिकतील का, असं तुम्ही विचारलंय. टिकतात. माझा टँक जुळे सोलापुरातल्या घरी हॉलमध्येच आहे. पण कोरलची निवड सोपी, खरी मेहनत पाण्याची.

कोरलला २४ ते २७ अंशांचं पाणी लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३. आपली हवा कोरडी, हा मात्र फायदा. झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश सहज उतरतं; मुंबईच्या दमट हवेत एवढं उतरत नाही. त्याच खोलीत कूलर लावू नका, हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग कमी होतो. ऐन उन्हाळ्यात नुसत्या पंख्यावर भागत नाही. खोलीत एसी २७-२८ वर आणि जोडीला पंखा, नाहीतर थेट चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं यंत्र.

पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र टँकमध्येच राहतं. म्हणून काचेवर मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत साधं आरओ पाणी घाला, खारं नाही. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ वर स्थिर हवा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं धरून चालू नका. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शून्याच्या जवळ आकडा दिसला पाहिजे, त्यासाठी उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर जोडावा लागतो. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा तयार पाण्याचे दोन कॅन भरलेले असू द्या.

नव्या टँकच्या पाण्यात तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी पदार्थ शून्य झाल्याशिवाय काहीही आणू नका. त्याला महिना-दीड महिना जातो.

मग पहिला मशरूम कोरल. त्याला मंद प्रकाश आणि संथ प्रवाह आवडतो, त्यामुळे टँकच्या तळाशी ठेवा. खूश असला की चकतीसारखा पसरतो, प्रकाश जास्त झाला की कडा आत ओढून घेतो. त्यानंतर झोअँथिड, म्हणजे छोट्या फुलांसारखे गुच्छाने वाढणारे कोरल. नवे आणल्यावर काही दिवस मिटून राहतात, तेवढ्यावरून सारखी जागा बदलू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं: हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नका, वाफही घातक असते. ग्रीन स्टार पॉलिप्स दिसायला सुरेख, पण गालिच्यासारखे सगळीकडे चढतात. त्यांना वेगळा दगड द्या.

दगडी प्रवाळ, म्हणजे कडक सांगाड्याचे कोरल, मात्र नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, ते आहेत. दुकानदार ‘सगळेच विकतात’ म्हणाला तरी घेऊ नका.

वीज गेल्यावर पंपाबरोबर प्रवाहही थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या कोरलच्या आधी घ्या.