स्क्रीनशॉट आणू नकोस

अगं,

परवा तू गेल्यावर चहाचे कप तसेच पडून राहिले आणि मी तासभर स्वतःशीच भांडत बसलो. तुझ्यासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

तू एकांकिका लिहायला बसलीस आणि पंधरा दिवसांत एक पान पुढे सरकेना. कुणीतरी म्हणालं, लहानपणापासून गेम खेळून खेळून तुझी कल्पनाशक्ती आटली. तू घाबरून सगळे गेम काढून टाकलेस. त्यालाही दीड महिना झाला. पान अजून कोरंच. आणि मला विचारतेस, ‘काका, मेली असेल का हो ती?’

मेली म्हणे! ती काय कुंडीतली तुळस आहे, दोन दिवस पाणी चुकलं की वाळायला?

पण तुझ्या बोलण्यातलं दुसरंच काहीतरी मला टोचत राहिलं. आठवीच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये सिंहगड बांधलास, कल्याण दरवाजा, देवटाकं, सगळं. सांगताना चेहरा उजळला होता तुझा. आणि लगेच ‘ते काय, नुसते ठोकळे’ म्हणून विषय झटकलास. नुसते? दोन मुली अख्खा मे महिना चौकोनी ठोकळ्यांतून डोंगराचा उतार कसा काढायचा यावर भांडतात, टाकं फार मोठं दिसतंय म्हणून तीनदा मोडतात, याला दुसरं काय म्हणतात तुझ्या त्या शहाण्या मित्रमंडळींत?

आमचा दिवाळीचा किल्ला याहून वेगळा नव्हता. विटा, त्यावर ओलं पोतं, चिखल, वर अळीव पेरलेले. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा महादरवाज्याहून उंच, आणि आरशाच्या तळ्याकाठी बसलेला वाघ त्या मावळ्याहून मोठा. कुणाला काही खटकायचं नाही. फरक एवढाच की भाऊबीजेपर्यंत नखांतला चिखल निघायचा नाही. आता दिवाळीत रस्त्याच्या कडेला तयार किल्ले विकायला असतात, रंगवलेले, बुरुजांसकट. घरी न्यायचा, मावळे ठेवायचे, झालं. त्यात ना गेम आहे, ना पडदा. तरी मुलाच्या हाती काय लागलं? म्हणून सांगतो, प्रश्न पडद्याचा नाही. हात मळले पाहिजेत. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

विल क्राउदर नावाचा एक अमेरिकन प्रोग्रामर होता. त्याला गुहांचा नाद. केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या परिसरात बायकोबरोबर चिखलातून सरपटत जायचा, आणि त्या मोजमापांवरून कॉम्प्युटरवर नकाशे करायचा. पुढे संसार मोडला, मुली दुरावल्या. तेव्हा, १९७०च्या दशकाच्या मध्यावर, त्याने मुलींना खेळता यावा म्हणून त्या गुहेवरूनच एक खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळा मजकूर. तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, आता काय करता? खेळणारी माणसं कागद-पेन्सिल घेऊन नकाशा काढत बसायची, नाहीतर वाट चुकायची. आधी त्याचे हात मळले, मग त्यांचे.

गेम अगदी सोज्वळ असतो असंही मी म्हणणार नाही. रॉबर्ट स्टिकगोल्ड या झोपेच्या अभ्यासकाने काही जणांना टेट्रिस हा पडत्या ठोकळ्यांचा गेम खेळायला लावलं होतं. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. झोप लागता लागता अनेकांना डोळ्यांपुढे ठोकळे पडताना दिसले. आपण हा खेळ खेळलो हेसुद्धा आठवत नाही, अशा स्मृती गेलेल्या काही रुग्णांनाही दिसले. म्हणजे गेम डोळ्यांत घर करतो. करो बापडा, नाटकही करतं. पण नाटक दोन तासांनी पडदा पाडून तुला घरी पाठवतं. गेम रात्री अडीचला म्हणतो, अजून एक. डोळे गच्च भरलेले आणि हात कोरडे, ही अवस्था वाईट. त्यावर तू उपाय काय केलास? डोळेही रिकामे करून टाकलेस. आता लिहिणार कशातून?

गेममधल्या त्या मारिओला मिशी का आहे, ठाऊक आहे? १९८१च्या डाँकी काँग या गेममध्ये त्याच्या वाट्याला पडद्यावरचे ठिपके इतके थोडे होते की तोंड नीट काढता येईना, म्हणून मिशी. उडी मारताना केस हलवायचे कसे, म्हणून टोपी. मी जन्मभर नेपथ्यात हेच करत आलो. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत नेपथ्याला गुण नसतात, खिशात पैसे तर त्याहून नसतात. भरत नाट्यच्या रंगमंचावर दोन लेव्हल आणि एक बाकडं, त्यात रेल्वे स्टेशन उभं करायचं. (आमच्याकडे लेव्हल म्हणजे लाकडी चौथरा. ती ओलांडायची नसते, उचलायची असते.)

मारिओचं एवढं मला कशाला माहीत, तेही सांगतो. १९९८ साली तपकीर गल्लीतून मुलाला टीव्हीला जोडायचा गेम आणला. काही महिन्यांनी त्याच्या गणिताच्या आलेखवहीत मागची वीसेक पानं मला दिसली. मारिओच्या लेव्हल, त्याने स्वतः काढलेल्या. खड्डे, पाइप, ढग. एका ठिकाणी चक्क शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, खिळ्यांसकट. खिळा लागला की एक जीव गेला, असं बाजूला बारीक अक्षरात.

मी ती पानं काढली. फाडली नाहीत. पिना उघडून नीट काढली, वही खराब होऊ नये म्हणून. परीक्षा पंधरा दिवसांवर होती, आणि कुठल्याही बापाने तेच केलं असतं. पानं रद्दीत गेली. तो काही बोलला नाही. गेम मात्र मी ठेवला, शनिवार-रविवार खेळू दिला. म्हणजे बघ, डोळे भरायची सोय ठेवली आणि हात तेवढे धुऊन टाकले. हे उमगायला मला वीस वर्षं लागली. आज तो बाणेरला असतो, रात्री फोनवर खेळतो, चांगला खेळतो म्हणे. काढत काही नाही. आता त्याचं गणित तेव्हा कच्चं होतं हेही खरंच आहे, मी उगाच नव्हतो ओरडलो.

असो. गेम परत टाक. मनसोक्त खेळ, आईला माझं नाव सांग. पण उठलीस की हात मळव. खेळताना एखादा पहारेकरी एकच वाक्य शंभरदा बोलतो ना, तो घरी गेल्यावर काय बोलतो ते लिही. वाईट लिही. चिखल सुबक नसतो. आणि ‘आधी नीट सुचू दे, मग लिहीन’ हे माझ्यापुढे पुन्हा म्हणू नकोस, डोकं फिरतं माझं. हाताला लागल्याशिवाय सुचत नाही, सेट ठोकतानाही मला त्याशिवाय कधी सुचलं नाही.

रविवारी ये. तुझ्या त्या सिंहगडाचा नकाशा काढून आण, पेन्सिलीने, आठवेल तसा, चुकेल तसा. तुम्ही दोघी जिथे जिथे भांडलात तिथे फुली मार. मला वाटतं तुझी एकांकिका त्यातल्याच एखाद्या फुलीवर बसलेली आहे, पण ते तू बघ. स्क्रीनशॉट आणू नकोस. कोरी आलेखवही माझ्या कपाटात आहे एक, त्याच वर्षी घेतलेली, पण ती मागू नकोस. अप्पा बळवंत चौकातून नवी घे.

तुझा,
काका