बाबांना शेवटी नाही, पहिले पळवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 26 जानेवारीला गावच्या शाळेच्या मैदानावर कुटुंबांची रिले, चौघांनी शंभर-शंभर मीटर. घरात तुम्ही 41 वर्षांचे, वहिनी, 11 वर्षांची मुलगी आणि 63 वर्षांचे बाबा. मान म्हणून बाबांना शेवटी ठेवायचं चाललंय, आणि मोबाईलवर पाहून मागे न बघता बॅटन (एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायची नळी) घ्यायचा सराव करताय, तर तो रोज पडतोय.

आमचं घर दारव्हा तालुक्यातलं. तरुणपणी पोलीस भरतीचं ग्राउंड दोनदा दिलं, 1600 मीटरमध्ये दोनदा राहिलो, त्यामुळे धावण्याचं मला फार कळतं असं नाही. पण घरच्यांना घेऊन सहा वर्षं ही रिले पळतोय, चुका जवळपास सगळ्या करून झाल्यात.

आधी ते मागे न बघणं सोडा. 4×100 मध्ये धावपटू बॅटन न पाहता घेतात, कारण देणारा आणि घेणारा दोघंही भरधाव असतात आणि महिनोन् महिने एकत्र सराव केलेला असतो. 4×400 मध्ये देणारा दमून आलेला असतो, म्हणून तिथं घेणारा वळून, बघून घेतो. 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत आपल्या भारताच्या पोरांनी 2:59.05 मिनिटांचा तेव्हाचा आशियाई विक्रम केला, ती हीच 4×400 ची शर्यत. तुमचं अंतर शंभरचं असलं तरी शेवटच्या वीस मीटरला बाबांचा श्वास चारशे पळाल्यासारखाच होणार. तेव्हा पद्धत चारशेवाल्यांची घ्या. मैदानाच्या आतल्या बाजूला तोंड करून उभं राहायचं, येणाऱ्याकडे बघायचं, डाव्या हातानं घ्यायचं आणि दोन पावलांत उजव्या हातात करायचं. देणाऱ्यानं कायम उजव्या हातानं द्यायचं. चौघांना एकच नियम, म्हणजे मुलीचाही गोंधळ होत नाही.

आता क्रम. पहिल्याला फक्त द्यायचं असतं, शेवटच्याला फक्त घ्यायचं. मधल्या दोघांना दोन्ही करावं लागतं. म्हणून मध्ये हात चांगले असलेली माणसं हवीत, पाय नव्हे. वहिनी कापूस वेचतात ना? मग दुसरा नंबर त्यांचाच. दोन्ही हात सारखे चालणारं माणूस घरात दुसरं कोण आहे? तिसरी मुलगी, चौथे तुम्ही. बाबा पहिले. आयुष्यभर पाठीवर फवारणीचा पंप वागवलेल्या माणसाचा खांदा मागे वळत नाही, आणि पहिल्याला मागे हात करावाच लागत नाही. शिट्टी वाजली की निघायचं, समोर हात करून द्यायचं आणि बाजूला होऊन नातीला पळताना बघायचं. ‘शेवटी’ म्हणजे मान असं त्यांना वाटत असेल तर ‘ओपनिंगला तुम्ही’ असं सांगा. आमचे बावाजी एवढ्यावर खूश झाले होते. ‘मंग सचिन कोन, मीच ना?’ असं सगळ्या पारावर सांगत फिरले.

बॅटन विकत आणू नका. नियमातला बॅटन 28 ते 30 सेंटिमीटर लांब, घेर 12 ते 13 सेंटिमीटर आणि वजन किमान 50 ग्रॅम असतो. 40 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा घेर बरोबर त्यात बसतो. ठिबकच्या कामातून उरलेला तुकडा कुठंतरी पडलेला असेलच. एक फुटापेक्षा बोटभर कमी कापा, कडा घासपेपरनं घासा.

सराव वावरात करू नका. काळ्या मातीच्या भेगा आणि कापलेल्या तुरीचे खुंट, दोन्ही वाईट. पांदण रस्ता चालेल, पण दहिवर सुकल्यावर. घेणाऱ्यानं आपल्या जागेपासून मागे दहा पावलं मोजून फक्कीची रेघ मारायची. येणारा त्या रेघेवर आला की घेणाऱ्यानं निघायचं. देणारा अंगावर येऊन आदळला तर रेघ मागे सरकवा, त्याला गाठता येत नसेल तर जवळ आणा. बाबांकडून वहिनी घेणार तिथं चार-पाच पावलंच पुरतील. घरच्या माणसांचं एक असतं, आपलं माणूस धापा टाकत येतंय हे दिसलं की पाय निघतच नाही, उभ्या उभ्या घ्यावंसं वाटतं. आमची ही अजून तसंच करते. ‘या, या, सावकाश या’ म्हणते, शर्यतीत!

संयोजकांना एक आधीच विचारून ठेवा: बदलाचा पट्टा, म्हणजे ज्या भागातच बॅटन द्यायचा-घ्यायचा असतो तो, किती मीटरचा आखणार? 4×100 चा अधिकृत पट्टा 30 मीटरचा आहे, पण शाळेच्या मैदानावर तो कमी करतात. आणि पट्ट्यात बॅटन असला पाहिजे, तुमचे पाय कुठं आहेत ते बघत नाहीत.

दुसरं, पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानंच उचलायचा. तिसऱ्या वर्षी माझा मुलगा देत होता, मी घाईत निघालो, पाइप मधल्यामध्ये पडला आणि मीच उचलून पळालो. पहिले आलो, टाळ्या झाल्या आणि मग बाद. चूक माझी, पण पोट्टं दोन दिवस बोललं नाही. त्याचं म्हणणं, ‘बाबा, मीच उचलत होतो ना, तुमाले कायची घाई?’

बाबांना बीपी वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारूनच पळवा. पण खरी भीती तुमच्याच वयाची. दिवसभर वावरात राबणं वेगळं आणि थंड पायानं शंभर मीटर सुटणं वेगळं. पहिल्या वर्षी माझी मांडी मागून अशी धरली की हरभऱ्याला पाणी द्यायला पंधरा दिवस मजूर लावावा लागला. दहा मिनिटं चाला, हळू पळा, मग सुटा. बूट नवे असतील तर त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

आणि पाइप मुलीच्या दप्तरात ठेवा. आमचा गेल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी सापडेना. आईनं चुलीला फुंकणी म्हणून घेतला होता, एक टोक वितळून वाकडं झालं होतं. तसाच घेऊन पळालो.