५० मीटर रायफलसाठी स्वस्तातला स्पॉटिंग स्कोप कोणता घ्यावा?

तुम्ही नाशिकमध्ये ५० मीटर प्रोनचा, म्हणजे पालथं पडून नेमबाजीचा, सराव करता आणि बजेट बेताचं आहे, असं लिहिलंय. स्पॉटिंग स्कोप म्हणजे लक्ष्यावरची गोळीची भोकं बघायची छोटी दुर्बीण. तिच्या खोक्यावरच्या '२०-६० एक्स'ला, म्हणजे २० ते ६० पट झूमला, भुलू नका. पुढच्या भिंगाचा व्यास बघा. ६० मिमी पुरेसा आहे. व्यासाला झूमने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ६० मिमीचा स्कोप ६० एक्सवर नेला तर झोत उरतो जेमतेम १ मिमी. चित्र अंधारं आणि मऊ. २० ते ३० एक्सवर तोच स्कोप झकास चालतो.

पॉइंट टू टूच्या (.२२ इंची) गोळीचं भोक साधारण ५.६ मिमीचं. पांढऱ्या कागदावर ते कुठल्याही बऱ्या स्कोपमधून दिसतं, खरी परीक्षा लक्ष्याच्या मधल्या काळ्या वर्तुळातल्या भोकाची. ३०० मीटरवर जाणार असाल तर वेगळा हिशेब. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अकरानंतर जमिनीवरून हवा अशी लहरते की महागडा स्कोपही हात टेकतो. झूम वाढवलं की लहरीच मोठ्या दिसतात.

पडून नेम धरता, म्हणून तिरक्या आयपीसचाच (डोळा लावायचं भिंग तिरकं असलेला) घ्या. मान न उचलता, रायफल खांद्यावरून न काढता डोळा लावता आला पाहिजे. आणि सोबत मिळणारा टेबलावरचा चिमुकला ट्रायपॉड? तो विसराच. बजेटमधले थोडे पैसे दणकट, बुटक्या स्टँडसाठी राखून ठेवा.

घेण्याआधी हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात एक चक्कर मारा. पक्षीवाल्यांकडे हेच स्कोप असतात, आणि विचारलं तर बघू देतात.