टाक्यात गोल्डफिश सोडले होते, मग ही राखाडी पिल्लं कोणाची?

बहुधा त्यांचीच. गोल्डफिशची पिल्लं जन्मतः केशरी नसतात. ती काळपट-तपकिरी असतात, रंग पालटायला काही आठवडे ते काही महिने जातात आणि एखादं तर कायम तसंच राहतं. अंडी चिकट असतात, जलपर्णीच्या मुळांना लागलेली सापडतील.

तरी आधी ते बेडूकमासे नाहीत ना, ते बघा. पावसाळ्यात हा घोळ हमखास होतो! गोल डोकं, त्याला थेट शेपूट आणि बाजूला पर नाहीत, तर ते बेडूकच.

दुसरा संशय गप्पीवर. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभागाचे लोक हौद-विहिरींत गप्पी सोडतात. शेजाऱ्यांकडून आणलेल्या पाणवनस्पतीच्या कुंडीतूनही त्या येतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. ती जेमतेम 6-7 मिलिमीटरची, पण पहिल्या दिवसापासून व्यवस्थित पोहतात.

पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात काळा डाग दिसला, तर तिलापिया समजा. हे मात्र त्रासाचं प्रकरण आहे. झपाट्याने वाढतात. नको झाले तरी ओढ्या-तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

वरून काढलेल्या फोटोत सगळीच पिल्लं सारखी दिसतात. एक-दोन पिल्लं काचेच्या ग्लासात घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि बाजूने फोटो काढून पाठवा, मग नक्की सांगता येईल.