‘डिलिव्हर्ड’ म्हणजे नेमके कुठे पोहोचले?

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स दुरुस्त करून मी एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकतो. गेल्या महिन्यात पाठवलेले एक पार्सल ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसते, परंतु खरेदीदार ते मिळालेच नसल्याचे सांगून पूर्ण रक्कम परत मागत आहे. रागाच्या भरात ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ असे मी चॅटवर लिहून बसलो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने अधिकृत तक्रार नोंदवली. कुरिअर कंपनीच्या मते तिचे काम संपले आहे. माझी बाजू खरी असताना भुर्दंड मला का?

उत्तर : तुमची बाजू खरी असेलही, परंतु तक्रारीचा निकाल देणारी व्यक्ती तुम्हालाही ओळखत नाही आणि खरेदीदारालाही ओळखत नाही. तिच्यासमोर असतात त्या फक्त नोंदी, आणि त्यांत आता तुमचे ते रागाचे वाक्यही जमा झाले आहे. ते पुसता येणार नाही, म्हणून त्याच्या खाली आजच एक शांत संदेश लिहा : ‘माझ्या आधीच्या संदेशाबद्दल क्षमस्व. नोंदीनुसार पार्सल अमुक तारखेला, अमुक वेळी दिले गेले आहे. घरातील इतर मंडळी, शेजारी किंवा इमारतीचा सुरक्षारक्षक यांच्याकडे आपण एकदा चौकशी करावी. मी कुरिअर कंपनीकडे लेखी विचारणा केली आहे.’ एवढे पुरे.

‘डिलिव्हर्ड’ या शब्दावर तुम्ही फार विसंबला आहात. कुरिअरच्या कर्मचाऱ्याने पार्सल स्कॅन करून हातातील यंत्रावर तशी नोंद केली, इतकाच त्याचा अर्थ असतो. पार्सल शेजाऱ्याकडे गेले असेल, दाराबाहेर ठेवले गेले असेल, तशाच क्रमांकाच्या दुसऱ्या इमारतीतही गेले असेल. तेव्हा तुम्ही खरे बोलत आहात आणि खरेदीदारही खरेच बोलत आहे, असे होऊ शकते, आणि चौकशीची सुरुवात मी तरी हेच गृहीत धरून करीन.

कुरिअर कंपनीला फोन न करता लेखी पत्र किंवा ईमेल पाठवा आणि चार गोष्टी नावानिशी मागा : पार्सल देताना काढलेले छायाचित्र, घेणाऱ्याचे नाव किंवा सही, स्कॅन झाले त्या जागेचे जीपीएस स्थान आणि वाटेतील प्रत्येक केंद्रावर नोंदले गेलेले वजन. वजनाकडे बहुतेक विक्रेत्यांचे लक्षच नसते. समजा, पाठवताना पावतीवर वजन १ किलो २४० ग्रॅम होते आणि शेवटच्या केंद्रावरही तेवढेच नोंदले गेले आहे, तर वाटेत लेन्स काढून घेतली गेल्याची शक्यता जवळजवळ संपते. तेच वजन मध्येच ७०० ग्रॅमवर आले असेल, तर चोरी कोणत्या दोन केंद्रांच्या दरम्यान झाली, हेही त्यातून कळते. ‘खोका मिळाला, पण रिकामा होता’ अशा तक्रारीत तर याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

मात्र कुरिअरच्या उत्तराची वाट पाहत तक्रारीची मुदत घालवू नका. ईबेसारख्या ऑनलाइन बाजारपेठेवर विक्रेत्याला तक्रारीवर तोडगा काढण्यासाठी साधारण तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यानंतर खरेदीदार थेट कंपनीला मध्ये पडायला सांगू शकतो. हाताशी आहे ते लगेच जोडा. ऑर्डरमधील पत्त्यावर पार्सल पोहोचल्याची नोंद असेल, तर तिथे निकाल सहसा विक्रेत्याच्या बाजूने लागतो. परंतु ऑर्डर ७५० डॉलर किंवा त्याहून मोठी असेल, तर सहीचा पुरावाही मागितला जातो. महागड्या लेन्स विकणाऱ्याने सहीसाठी द्यावे लागणारे जास्तीचे शुल्क विक्रीच्या किमतीतच धरावे.

खरेदीदाराशी समेट झाला, तरी पैसे बाजारपेठेच्या यंत्रणेतूनच परत करा. बाहेरून परस्पर पैसे दिले, तक्रार उघडीच राहिली आणि त्याच वेळी खरेदीदाराने कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅकही (कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत घेणे) मागितलेला असला, तर एकाच वस्तूचे पैसे दोनदा जातात. पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेवर तर पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत वाद उपस्थित करता येतो, त्यामुळे पावत्या आणि छायाचित्रे निदान तेवढे दिवस जपून ठेवा.

आता भुर्दंडाविषयी. कुरिअर कंपनी तुम्ही निवडली, पैसे तुम्ही भरले, करारही तुमचाच आहे. पार्सल भलत्याच जागी दिले गेल्याचे जीपीएसवरून दिसले, तर खरेदीदाराला ताबडतोब रक्कम परत करा आणि भरपाईसाठी कुरिअर कंपनीशी स्वतंत्रपणे भांडा. या दोन भांडणांची गाठ मारून ‘कुरिअरने पैसे दिले की तुम्हाला देतो’ असे सांगणारे विक्रेते दोन्हीकडे हरतात.

प्रश्न : मी चिनीमातीचे दिवे विकते. खोक्यावर ‘नाजूक वस्तू’ असे ठळक लिहिलेले असूनही दिवा फुटला. खरेदीदाराला मी पैसे परत केले, पण कुरिअर कंपनीने ‘पॅकिंग अपुरे’ असे कारण देऊन भरपाई नाकारली. हे योग्य आहे का?

उत्तर : त्या चिठ्ठीने कुरिअर कंपनीवर कसलेच बंधन येत नाही, छाननीच्या पट्ट्यावरून घरंगळणाऱ्या खोक्यावर काय लिहिले आहे, हे यंत्र वाचत नाही. नकार योग्य की अयोग्य, हे खोका पाहूनच ठरेल. खोक्याचा कोपरा चेपलेला किंवा बाजू फाटलेली असेल, तर बाहेरून मार बसला असे म्हणता येते आणि दाव्यात दम असतो. खोका धडधाकट आणि आतला दिवा फुटलेला, असे असेल तर बहुधा दिवा आतल्या आत हलत होता, आणि तिथे कंपनीचे म्हणणे खोडणे अवघड आहे.

म्हणूनच फुटल्याची तक्रार आली की खरेदीदाराला पहिली विनंती करायची ती खोका न फेकण्याची. कंपनी तो तपासायला मागू शकते. बाहेरच्या सहाही बाजू, पत्त्याची चिठ्ठी, आतले बबल रॅप जसे होते तसे आणि फुटलेली वस्तू, एवढ्यांची छायाचित्रे मागवा. तुमच्याकडे ती असतील तर नकारावर फेरविचाराचा अर्ज जरूर करा. पुढच्या वेळी दिवा एका खोक्यात आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवा, मध्ये सर्व बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण द्या, आणि चिकटपट्टी लावल्यावर खोका कानाशी धरून हलवा. काहीही वाजले तर पुन्हा उघडा.

आणखी एक : पार्सल सोपवताना लिहिलेले ‘घोषित मूल्य’ आणि विमा यांत अनेकांची गल्लत होते. पुष्कळ कंपन्यांच्या अटींनुसार घोषित मूल्य ही त्यांच्या जबाबदारीची केवळ कमाल मर्यादा असते, आणि चूक त्यांची असल्याचे ठरले तरच ती लागू होते.

प्रश्न : पैसे भरल्यानंतर खरेदीदार चॅटवर दुसरा पत्ता कळवतो. त्या पत्त्यावर पार्सल पाठवावे का?

उत्तर : पाठवू नये. विक्रेत्याला मिळणारे संरक्षण ऑर्डरमध्ये नोंदलेल्या पत्त्यापुरतेच असते. चॅटवरच्या पत्त्यावर पार्सल सुखरूप पोहोचले, तरी ‘मिळाले नाही’ या तक्रारीत तुमची बाजू लंगडी पडते. ऑर्डर रद्द करून खरेदीदाराला नव्या पत्त्यासह पुन्हा नोंदवायला सांगा. प्रामाणिक ग्राहक कुरकुर करील, पण नोंदवील.